३२००ची रॅम, आणि पडद्यावर २१३३

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवला. निम्मे पैसे ताईचे, निम्मे त्याने सुट्टीत दहावीच्या मुलांना गणित शिकवून साठवलेले. कॅबिनेटचं झाकण लावून, विंडोज टाकून झाल्यावर रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

"मामा, दुकानदाराने फसवलं. पाकिटावर ३२०० छापलंय आणि इथे २१३३ दिसतंय. डुप्लिकेट माल गळ्यात मारला."

"जेवलास का?"

"नाही अजून."

"आधी जेव. रॅम कुठे पळून जात नाही."

दुकानदाराने फसवलं नव्हतं. रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी, अस्सल होती आणि धडधाकटही होती. पण त्याचा संताप मला समजला. पाकिटावर ३२०० लिहिलेली वस्तू ३२००ने चालावी, ही काही अवाजवी अपेक्षा नाही. फक्त रॅमच्या बाबतीत त्या आकड्याचा अर्थ थोडा वेगळा असतो. बाकीच्यांनी साथ दिली तर ही स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, या वेगापर्यंत जाऊ शकते, एवढंच कंपनीने तपासून छापलेलं असतं. बाकीचे म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड, ज्यावर हे सगळे भाग बसतात तो. तिघांपैकी एकाने जरी मान डोलावली नाही तरी वेग खाली येतो, आणि नक्की कोणी अडवलं हे पडद्यावर कुठेच लिहून येत नाही.

आधी आकडा नीट वाचा

बरेचदा तक्रारच खोटी निघते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारली की उजवीकडे खाली 'स्पीड' दिसतो. समजा तिथे ३२०० आहे. मग कोणीतरी सांगतं म्हणून तुम्ही सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर टाकता, त्यात मेमरीचं पान उघडता, आणि तिथे दिसतं १५९६. झाला गोंधळ! निम्माच वेग?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. हल्लीच्या रॅमच्या प्रकाराला डीडीआर म्हणतात, आणि त्या नावातल्या पहिल्या 'डी'चा अर्थच दुप्पट. लेझीम आठवा. हात एकदा बाहेर गेला आणि एकदा आत आला की हालचाल एकच होते, पण छमछम दोनदा ऐकू येते, उघडताना एकदा आणि मिटताना एकदा. रॅमचं घड्याळ सेकंदाला १६० कोटी हालचाली करतं, म्हणजे १६०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक हालचालीत माहिती दोनदा पुढे सरकते, म्हणून ३२०० मेगाट्रान्सफर. सीपीयू-झेड हात मोजतं, टास्क मॅनेजर छमछम मोजतो. विंडोजने वर्षानुवर्षं या दुसऱ्या आकड्यापुढेही मेगाहर्ट्झ लिहून घोळ वाढवला होता. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत तिथे 'एमटी/एस', म्हणजे सेकंदाला मेगाट्रान्सफर, दिसू लागलंय. १६००च्या जागी १५९६ किंवा १५९७ दिसलं तर तेही सोडून द्या. बोर्डाचं मूळ घड्याळ १०० ऐवजी ९९.८ने टिकटिकत असतं, त्याचा तो परिणाम.

थोडक्यात, सीपीयू-झेडमधला आकडा दुप्पट करून पाकिटाशी जुळतोय का बघा. जुळत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, चहा घ्या.

भाच्याचा आकडा जुळत नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये २१३३ आणि सीपीयू-झेडमध्ये १०६६. म्हणजे रॅम खरंच मागे होती.

पत्रिका, आणि दुसरी पत्रिका

प्रत्येक स्टिकवर काळ्या मोठ्या चिपांच्या मध्ये एक तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिच्यात त्या स्टिकची सगळी माहिती साठवलेली असते: क्षमता किती, कोणत्या वेगाला किती उसंत लागते, व्होल्टेज किती. डीडीआर४मध्ये, म्हणजे भाच्याकडे होती त्या चौथ्या पिढीच्या रॅममध्ये, ही माहिती ५१२ बाइटची. तिला एसपीडी म्हणतात. मी आपलं पत्रिका म्हणतो, कारण काम अगदी तेच आहे. कॉम्प्युटर चालू केला की मदरबोर्ड आधी ही पत्रिका वाचतो आणि प्रोसेसरशी जुळते का ते बघतो.

पत्रिकेतले मुख्य आकडे जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे असतात. सगळ्या रॅम कंपन्या, प्रोसेसर कंपन्या तिथे एकत्र बसून ठरवतात की अमुक वेग, अमुक व्होल्टेज, यापुढे कोणाचीही स्टिक कोणाच्याही बोर्डात चालली पाहिजे. डीडीआर४चं मानक सप्टेंबर २०१२मध्ये आलं. त्यात व्होल्टेज १.२, आणि आजच्या बाजारात भेटणाऱ्या पायऱ्या म्हणजे २१३३, २४००, २६६६, २९३३ आणि शेवटची ३२००.

इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला निम्मा मनस्ताप तिच्यातूनच येतो. बाजारात '३२००' नावाच्या दोन जातींच्या रॅम मिळतात. एक साधी, हिरव्या किंवा काळ्या पट्टीची, वर काही आवरण नाही, ऑफिसच्या तयार कॉम्प्युटरमध्ये असते तशी. तिच्या लेबलावर बारीक अक्षरांत 'पीसी४-३२००एए' लिहिलेलं असतं. ही जेडेकच्या नियमात राहून ३२००ने धावते. बोर्डात खोचा, चालू करा, ३२०० मिळाले. दुसरी चकाचक, वर अॅल्युमिनियमचं कवच, कधी रंगीत दिवे. तिच्या पाकिटावर '३२०० सीएल१६' आणि '१.३५ व्होल्ट' असं असतं. सीएल म्हणजे उत्तर यायला लागणारा उशीर, त्याचं गणित पुढे येतं. हे व्होल्टेज आणि हा सीएल जेडेकच्या मानकात बसतच नाही. म्हणून कंपनी तिच्या मुख्य पत्रिकेत बरेचदा फक्त २१३३ किंवा २४००पर्यंतचे आकडे भरते आणि खरा दिमाख एका दुसऱ्या पत्रिकेत ठेवते. ही दुसरी पत्रिका मदरबोर्ड आपणहून उघडत नाही. तुम्ही सांगावं लागतं.

म्हणजे स्वस्त दिसणारी स्टिक आल्याआल्या पूर्ण वेगाने पळते आणि महागडी २१३३वर डुलक्या घेत बसते. काही कंपन्या आपल्या वेबसाइटवर 'तपासलेला वेग ३२००, एसपीडी वेग २१३३' असं स्पष्ट छापतातही. पण ती ओळ सगळ्यात शेवटच्या तक्त्यात असते, आणि तक्त्याच्या तळापर्यंत वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मीही तसा वाचक नाही.

या दुसऱ्या पत्रिकेला एक्सएमपी म्हणतात. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने ती २००७मध्ये, डीडीआर३च्या काळात आणली. तिची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने डीडीआर५साठी २०२२मध्ये एक्स्पो नावाची स्वतःची काढली. मधल्या काळात मदरबोर्डवाल्यांनी नावांचा सुकाळ करून ठेवला: आसुसच्या एएमडी बोर्डांवर डीओसीपी, एमएसआयच्या ए-एक्सएमपी. वस्तू एकच. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बायोस, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जचा पडदा, उघडतो. त्यात पहिल्याच पानावर यातलं एखादं नाव दिसतं. तिथे 'प्रोफाइल १' निवडायचं, एफ१० दाबून सेव्ह करायचं.

भाचा जेवून आला तेव्हा फोनवर एवढंच करायला सांगितलं. सेव्ह केल्यावर पडदा काळा झाला, पंखे थांबले, पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. "मामा, गेला वाटतं!" गेला नव्हता. नव्या वेगावर रॅमशी सूर जुळतोय का, हे बोर्ड स्वतः तपासून बघत असतो. डीडीआर५च्या बोर्डांवर तर पहिल्या वेळी हा काळा पडदा कित्येक मिनिटं टिकतो, आणि नेमक्या त्याच वेळी घाबरून बटण दाबणारे खूप असतात. बसून राहा. अर्ध्या मिनिटाने विंडोज आलं, टास्क मॅनेजरमध्ये ३२००.

सीएल म्हणजे काय, हेही इथेच उरकून टाकतो. माहिती मागितल्यापासून ती यायला लागेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, तो आकडा. नुसता सीएल बघून काही कळत नाही, कारण ठोकाच लहानमोठा असतो. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, म्हणजे नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६चे होतात १०. साध्या ३२०० सीएल२२चे १३.७५. २१३३ सीएल१५चे साधारण १४. आणि ६०००च्या डीडीआर५चा सीएल३० ऐकायला भयंकर वाटतो, पण गणित करा, तेही १०च. भाच्याने जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले होते, ते त्या दुसऱ्या पत्रिकेत होतं.

प्रोसेसर किंवा बोर्ड अडवतो तेव्हा

एक्सएमपी चालू केलं, तरी आकडा २६६६वर येऊन अडला, असं होत असेल तर दोष रॅमचा नाही आणि तुमचाही नाही. रॅमशी बोलणारा भाग हल्ली प्रोसेसरच्या पोटातच असतो आणि त्याची एक अधिकृत मर्यादा असते. ती ओलांडायची परवानगी द्यायची की नाही, हे मदरबोर्डाच्या चिपसेटवर ठरतं, म्हणजे बी३६०, झेड४९० असं बोर्डाच्या नावात येणाऱ्या मुख्य चिपवर.

आपल्याकडे अजून हजारोंनी वापरात असलेली जोडी घ्या: इंटेलचा आय५-८४०० आणि बी३६० बोर्ड. तिथे २६६६च्या वर जाताच येत नाही. आय३-८१०० असेल तर २४००. दहाव्या पिढीत एच४१० किंवा बी४६० बोर्डावर आय५ला २६६६, आय७ला २९३३. याच पिढीत झेड४९० बोर्ड घेतला असता तर तीच रॅम ३२००ने पळाली असती. २०२१मध्ये बी५६० आला तेव्हा इंटेलने मधल्या बोर्डांवरचं हे कुलूप काढलं; त्यानंतरच्या एच६१०वर मात्र आहेच. चीड आणणारी गोष्ट म्हणजे यातल्या काही बोर्डांच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्याय दिसतो, निवडताही येतो, आणि वेग तिथल्या तिथेच राहतो. सीएलचे आकडे तेवढे बदलतात. लोक महिनाभर बायोसमध्ये डोकं आपटत बसतात. त्यापेक्षा प्रोसेसरच्या नावाने कंपनीच्या अधिकृत पानावर 'मेमरी टाइप्स' ही ओळ दोन मिनिटांत बघून घ्यावी.

एएमडीकडे हा जाच कमी. तिच्या रायझन प्रोसेसरांपैकी १००० मालिकेची अधिकृत मर्यादा २६६६, २०००ची २९३३, ३००० आणि ५०००ची ३२००. बोर्ड साधा असला तरी त्याहून वर प्रयत्न करायला आडकाठी नसते. मात्र रायझन ३००० आणि ५०००मध्ये ३६०० ते ३७३३च्या पलीकडे गेलं की प्रोसेसरच्या आतला रॅमशी बोलणारा भाग त्या वेगाला साथ देणं सोडतो, निम्म्या गतीने चालू लागतो, आणि वेगवान रॅम प्रत्यक्षात हळू पडते. ४००० लिहिलेली रॅम घेऊन ३६००वर चालवणारे लोक वेडे नसतात.

लॅपटॉपचा विषय मी दोन ओळींत संपवतो, कारण तिथे हातात फारसं काही नसतं. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी नसतं. आय५-८२५०यूमध्ये ३२००ची स्टिक टाकली तर ती २४००ने चालणार, ९३००एचमध्ये २६६६ने, १०३००एचमध्ये २९३३ने. विषय संपला. फक्त खरेदी करताना एक सांभाळा: लॅपटॉपसाठी चकाचक सीएल१६वाली स्टिक घेऊ नका. तिची मुख्य पत्रिका कमी वेगाची असेल तर लॅपटॉप तेवढीच वाचणार, आणि जास्त पैसे देऊन तुम्ही २४००वर बसणार. साधी सीएल२२वाली तिथे सरस.

आणि कुठेही, जुन्या २६६६च्या स्टिकशेजारी नवी ३२००ची लावली तर दोघी २६६६ने चालतात. वारीत दिंडी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलाने चालते, तसं.

चार स्टिकांचा मोह

हे माझ्या घरचं. माझ्याकडे रायझन ५ ३६०० होता, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिका, ३२००वर वर्षभर बिनतक्रार. मग हौस आली. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, त्याच आकड्याच्या आणखी दोन आणल्या. चारही खाचे भरले, छान दिसत होतं. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात 'ड्रॅम' शब्दाशेजारी एक पिवळा दिवा. बंद, चालू, पुन्हा पिवळा दिवा. तिसऱ्या वेळेनंतर पडद्यावर संदेश आला की सेटिंग्ज मूळपदावर नेल्या आहेत, एफ१ दाबा. विंडोज उघडलं तर २१३३.

बोर्ड असाच वागतो. नव्या वेगावर दोन-तीनदा सूर जुळला नाही की तो गपचूप मूळ पत्रिकेवर परत जातो. घाईत एफ१ दाबून पुढे गेलात तर एक्सएमपी निघून गेल्याचं तुम्हाला कळतही नाही. 'काल ३२०० होतं, आज आपोआप २१३३ झालं' या तक्रारीमागे बहुधा हीच गोष्ट असते.

माझ्या बाबतीत घडलं काय? एक तर नाव तेच असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या होत्या. एकाच नावाखाली कंपन्या कधी सॅमसंगच्या, कधी मायक्रॉनच्या, कधी हायनिक्सच्या चिपा बसवतात. पाकीट बदलत नाही. म्हणून दोन स्टिका हव्या असतील तर एकाच पाकिटातल्या दोन घ्याव्यात, सुट्या नव्हेत. दुसरं म्हणजे एएमडीने स्वतःच छापलेला तक्ता मी पाहिला नव्हता. रायझन ३०००साठी दोन स्टिका असतील तर ३२००, चार सिंगल रँक स्टिका असतील तर २९३३, चार ड्युअल रँक असतील तर २६६६. रँक म्हणजे एका वेळी एकत्र उत्तर देणारा चिपांचा संच. तो जितका जास्त तितकं प्रोसेसरवर ओझं जास्त. मी एक्सएमपी चालू ठेवून फक्त वेग हाताने २९३३ केला. दिवा विझला. पुढची चार वर्षं मशीन त्याच आकड्यावर चाललं आणि मला एकदाही फरक जाणवला नाही. चिडचिड मात्र आठवडाभर पुरली.

डीडीआर५मध्ये हे अंतर फारच रुंद आहे. रायझन ७०००ची अधिकृत मर्यादा दोन स्टिकांना ५२०० आणि चार लावल्या तर थेट ३६००. बाजारात मात्र ६०००च्या स्टिका चार-चार विकल्या जातात. ६४ जीबी हवेत? ३२च्या दोन घ्या.

खाचांबद्दल. चार खाचे असलेल्या बोर्डात दोनच स्टिका असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. पहिल्या दोन जागा जवळ पडतात म्हणून तिथे खोचायची सवय असते, ती मोडा. कारण मजेशीर आहे. प्रोसेसरपासून निघालेली तार आधी जवळच्या खाचेला शिवते आणि मग लांबच्या खाचेपर्यंत जाते. लांबची खाच रिकामी ठेवली तर सिग्नल तिथपर्यंत जाऊन परत फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर घुमून येते तसा, आणि जवळच्या स्टिकला मूळ हाक आणि तिचा प्रतिध्वनी असं दोन्ही ऐकू येतं. २१३३ला तिला त्यातूनही अर्थ लागतो, ३६००ला लागत नाही. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत लावल्या तर दोन्ही एकाच वाहिनीवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी एकावरच, येतात. मग काय होतं ते आकड्यांत बघा. दोन वाहिन्यांवर ३२००ची रॅम सेकंदाला ५१.२ जीबी वाहून नेऊ शकते. एकाच वाहिनीवर २५.६. आणि ज्या २१३३ला भाचा शिव्या घालत होता, ती दोन वाहिन्यांवर ३४.१ नेते! म्हणजे ३२००ची एकच सोळा जीबीची स्टिक घेऊन खूश असणारा माणूस त्याच्याही मागे होता. वेगाच्या आधी वाहिन्या तपासा. सीपीयू-झेडमध्ये 'चॅनल' या शब्दापुढे लिहिलेलं असतं.

भिंतीवरचं बटण, खोडरबर वगैरे

आपल्याकडे एक चांगली सवय आहे: काम झालं की भिंतीवरचं मुख्य बटण बंद करायचं. विजेचं बिल वाचतं, पावसाळ्यात विजा कडाडल्या तरी झोप लागते. पण कॉम्प्युटर प्लगला जोडलेला असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत असते, आणि बटण बंद केलं की सगळा भार बोर्डावरच्या रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या सीआर२०३२ बॅटरीवर येतो. ती काही वर्षांत संपते. मग रोज सकाळी तारीख मागे गेलेली, वेबसाइट्स सुरक्षितता प्रमाणपत्राची तक्रार करतायत, आणि बऱ्याच बोर्डांवर एक्सएमपीही गायब. रात्री ३२०० लावून झोपलात, सकाळी २१३३. बॅटरी कोणत्याही घड्याळवाल्याकडे चहा-भज्यांच्या पैशात मिळते. बायोस अपडेट केल्यावरही सेटिंग्ज पुसल्या जातात, ते वेगळं. अपडेटनंतर एक्सएमपी परत लावावं लागतं.

मशीन जुनं असेल, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत राहिलेलं, तर स्टिक काढून बघायला हवी. वीजपुरवठा बंद, वायर काढलेली, आणि हात आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावलेला. खाचेच्या टोकाची पकड मागे ढकलली की स्टिक वर येते. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग दिसेल. ती चकचकीत हवी. धुरकट, डागाळलेली असेल तर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. घासू नका, तो सोन्याचा थर केसापेक्षा पातळ असतो. चुरा नीट झटका, खाचेत एक कण जाता कामा नये. परत लावताना स्टिकच्या कडेवरचा काप आणि खाचेतली खूण जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. टक् असा आवाज येईपर्यंत. नवीन बोर्डात पकड एकाच टोकाला असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहून जातं. अर्धवट बसलेली स्टिकही कधीकधी चालते, फक्त वेग धरत नाही.

एक अवघड शक्यताही सांगून ठेवतो. एका वाहिनीवरची स्टिक दिसतच नसेल, आणि स्टिका बदलून बघितल्यावरही तीच खाच मेलेली राहत असेल, तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असू शकते, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेले. स्क्रू सैल करून आडवे-तिरपे थोडे थोडे आवळणं घरी जमतं. पिनेला मात्र हात लावू नका, ज्याला सवय आहे त्याच्याकडे न्या.

चालतंय, पण नीट चालतंय का?

३२०० दिसलं की लोक थांबतात. मी थांबत नाही. एक्सएमपी हे कंपन्यांच्या व्याख्येत ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगाने पळवणंच, आहे; वॉरंटीच्या बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. स्टिक त्या वेगाला तपासलेली असते, पण तुमच्या प्रोसेसरबरोबर, तुमच्या बोर्डावर, मे महिन्यातल्या तुमच्या खोलीत नाही. वेग जरासा जास्त होत असेल तर मशीन बंद पडत नाही, खोटं बोलायला लागतं. झिप फाइल उघडताना खराब असल्याचं सांगते, गेमचं इन्स्टॉलेशन नव्वद टक्क्यांवर तुटतं, ब्राउझरचा एखादा टॅब कारण नसताना कोसळतो, आठवड्यातून एकदा निळा पडदा. माणूस विंडोजला शिव्या घालत ते तीनदा टाकतो. आणि त्या काळात कॉपी केलेल्या फोटोंत एखादा करडा पट्टा कायमचा बसलेला असतो. डीडीआर५मध्ये चिपेच्या आत चुका दुरुस्त करायची सोय आहे खरी, पण स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही.

म्हणून वेग बदलला की मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यातून मशीन चालू करायचं आणि रात्रभर सोडायचं. १६ जीबीच्या एका फेरीला तासभर तरी धरा. सकाळी लाल ओळ एकही नको. 'फक्त दोनच चुका आहेत' असं रॅममध्ये नसतं.

चुका आल्याच तर मी या क्रमाने जातो. आधी बायोसची नवी आवृत्ती, कारण रॅम जुळवण्याची अक्कल त्यात दर वेळी थोडी वाढलेली असते. मग वेग एक पायरी खाली: ३६००चे ३४६६, ३२००चे २९३३. तेवढ्याने बहुतेक वेळा संपतं. व्होल्टेजला मी सगळ्यात शेवटी हात लावतो, आणि तुम्ही न लावलात तर उत्तम. २०२३च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा कारणांपैकी एक असं निघालं की एक्स्पो लावल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या मेमरीकडच्या भागाला जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने बायोसमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्या मालिकेचा बोर्ड असेल आणि त्यानंतर बायोस अपडेट केला नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते करा.

एवढी धडपड करायची का, याचं उत्तर कामावर आहे. टॅली, वर्ड आणि व्हॉट्सअॅप वेब चालणाऱ्या मशीनवर २६६६ आणि ३२००मधला फरक मोजायला यंत्र लागेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग मशीनवर थोडा दिसतो. पण भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये रायझन ५ ५६००जी होता, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो साध्या रॅममधूनच ओढतो. तिथे २१३३ म्हणजे नळाची तोटी अर्धी बंद ठेवून टाकी भरण्यासारखं. त्याचा गेम दुसऱ्या दिवशी लक्षात येण्याइतका सुधारला.

रात्रभर टेस्ट चालली, लाल ओळ नव्हती. सकाळी त्याने मला सांगितलं की रागाच्या भरात त्याने दुकानाला नकाशावर एक तारा देऊन टाकला होता. मी म्हटलं, काढ तो. त्याने बदलून चार केले. पाचवा का नाही विचारलं तर म्हणाला, "बायोसमधलं ते एक बटण दाब, एवढं सांगायला त्याचं काय जात होतं?"